नऊ सामने, नऊ विजय, एकही निमंत्रण नाही : सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाचा १९५१चा फुटबॉल संघ

अमेरिकेच्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये अपराजित हंगाम अनेक संघांच्या नावावर आहेत. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या ‘डॉन्स’ या संघाचा १९५१चा हंगाम मात्र हंगामानंतर नाकारलेल्या एका सामन्यासाठी स्मरणात राहिला आहे. नऊपैकी नऊ सामने जिंकूनही या संघाला हंगामोत्तर स्पर्धेत स्थान मिळाले नाही. आपल्या दोन कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना वगळून खेळण्यास खेळाडूंनी दिलेला नकार हे त्याचे कारण मानले जाते.

अमेरिकी फुटबॉल भारतात खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलपेक्षा वेगळा आहे. त्यात अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावत किंवा फेकून प्रतिस्पर्ध्याच्या सीमेपलीकडे न्यायचा असतो. तसे केल्यास ‘टचडाऊन’चे सहा गुण मिळतात. त्या काळी हंगाम संपल्यावर निवडक संघांना नववर्षाच्या सुमारास होणाऱ्या ‘बोल’ सामन्यांसाठी पाचारण केले जाई. मियामीचा ‘ऑरेंज बोल’, न्यू ऑर्लिन्सचा ‘शुगर बोल’ आणि जॅक्सनव्हिलचा ‘गेटर बोल’ हे त्यांपैकी महत्त्वाचे सामने होते. संघाची निवड आयोजकांच्या हाती असे आणि सहभागी विद्यापीठाला त्यातून मोठी रक्कम मिळे. ही तिन्ही शहरे वर्णविभाजनाचे कायदे लागू असलेल्या दक्षिणेकडील राज्यांत होती.

सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ ही १८५५मध्ये जेझुइट धर्मगुरूंनी स्थापन केलेली तुलनेने लहान संस्था. प्रशिक्षक जो कुहारिच यांच्या मार्गदर्शनाखाली १९५१मध्ये तिच्या संघाने एकामागून एक सामने जिंकले. न्यूयॉर्कमध्ये फोर्डहॅम विद्यापीठाविरुद्धचा सामना सर्वांत चुरशीचा ठरला. तो डॉन्सनी ३२-२६ असा जिंकला. या लढतीत ऑली मॅटसन याने प्रतिस्पर्ध्यांनी ‘किकऑफ’ला टोलवलेला चेंडू दोनदा झेलून जवळजवळ संपूर्ण मैदान पार केले आणि टचडाऊन नोंदवले. पुढे कॉलेज ऑफ द पॅसिफिकचा ४७-१४ असा आणि अखेरच्या सामन्यात लॉयोलाचा २०-२ असा पराभव झाला. मॅटसनने त्या हंगामात १,५६६ यार्डांची धाव आणि २१ टचडाऊन अशी कामगिरी करून देशात अग्रस्थान मिळवले. असोसिएटेड प्रेसच्या अंतिम क्रमवारीत संघ चौदावा होता.

मॅटसन आणि बचावफळीतील बर्ल टोलर हे संघातील दोन कृष्णवर्णीय खेळाडू. या दोघांना घरी ठेवल्यास बोल सामन्याचे दार उघडेल, असे संघाला सुचवण्यात आल्याचे खेळाडूंनी पुढे अनेकदा सांगितले. संघाने ती अट फेटाळली. सर्वांनी जायचे किंवा कोणीच जायचे नाही, ही त्यांची भूमिका होती आणि त्यासाठी मतदान घेण्याचीही गरज भासली नाही. निवड न होण्याबाबत प्रतिस्पर्धी दुबळे असल्याचे कारण पुढे करण्यात आले.

या नकाराची किंमत मोठी होती. विद्यापीठाचा फुटबॉल विभाग तोट्यात होता आणि बोल सामन्याच्या उत्पन्नातून तो सावरण्याची आशा होती. ती मावळल्यानंतर अल्पावधीतच विद्यापीठाने संघ बंद केला. अपराजित राहिलेल्या संघाला पुढचा हंगामच उरला नाही. ज्यांचे शिक्षण अपूर्ण होते, त्यांना खेळण्यासाठी अन्य विद्यापीठे शोधावी लागली.

खेळाडूंची वैयक्तिक वाटचाल मात्र थांबली नाही. मॅटसनने १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर शर्यतीत कांस्य आणि ४ x ४०० मीटर रिलेमध्ये रौप्यपदक मिळवले. याच ऑलिंपिकमध्ये महाराष्ट्राचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक जिंकले होते. मॅटसन, जिनो मार्केटी आणि बॉब सेंट क्लेअर हे तिघे पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’ या सन्मान दालनात दाखल झाले. एकाच महाविद्यालयीन संघातील तिघांना हा मान मिळणे दुर्मीळ मानले जाते. संघाचे प्रसिद्धीचे काम पाहणारे तरुण पीट रोझेल १९६० ते १९८९ या काळात नॅशनल फुटबॉल लीगचे आयुक्त होते.

गुडघ्याच्या दुखापतीमुळे टोलरची व्यावसायिक कारकीर्द सुरू होण्याआधीच संपली. त्यांनी शिक्षकी पेशा स्वीकारला आणि सॅन फ्रान्सिस्कोतील एका शाळेचे ते मुख्याध्यापक झाले. त्याचबरोबर १९६५मध्ये ते नॅशनल फुटबॉल लीगचे पहिले कृष्णवर्णीय सामनाधिकारी ठरले. १९८०च्या ‘सुपर बोल’ या अंतिम सामन्यातही त्यांनी काम पाहिले.

दक्षिणेतील बोल सामन्यांचे दरवाजे हळूहळू उघडले. पिट्सबर्ग विद्यापीठाचा बॉबी ग्रिअर १९५६मध्ये शुगर बोलमध्ये खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. त्याच्या सहभागाला जॉर्जियाच्या गव्हर्नरांनी जाहीर विरोध केला होता. सार्वजनिक ठिकाणच्या वर्णभेदाला बंदी घालणारा नागरी हक्क कायदा १९६४मध्ये झाला.

टोलर यांचे २००९मध्ये, तर मॅटसन यांचे २०११मध्ये निधन झाले. विद्यापीठाच्या आवारातील एका वसतिगृहाला पूर्वी जेम्स फेलन या राजकारण्याचे नाव होते. कॅलिफोर्निया गोऱ्यांचाच राहावा, अशी घोषणा देत त्यांनी १९२०मध्ये सिनेटची निवडणूक लढवली होती. २०१७मध्ये ते नाव बदलण्यात आले. आता ते वसतिगृह बर्ल टोलर यांच्या नावाने ओळखले जाते.