एक मीटर खादीत किती तास?

वर्ध्याला गेलात तर मगन संग्रहालय बघाच. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं. तिथे चरखे बघताना मी सवयीप्रमाणे गणित मांडलं (विज्ञानशाखेची खोड, दुसरं काय!).

तुम्हीही करून बघा. एक मीटर रुंद, एक मीटर लांब कापड घ्या. सेंटिमीटरला २० धागे ताण्याचे, २० बाण्याचे धरा. म्हणजे २००० अधिक २०००, मिळून ४००० मीटर सूत. चरख्याच्या हिशेबात एक गुंडी म्हणजे ४ फुटी ६४० तार, साधारण ७८० मीटर. मीटरभर कापडाला पाचाहून जास्त गुंड्या लागल्या! आणि हे सूत कातणाऱ्या बहुतेक बायका. कापड मात्र ओळखलं जातं विणकराच्या नावाने.

हिंगणघाटच्या कापसाचं नाव पार इंग्लंडच्या बाजारात होतं. कापूस इथून गेला, गिरणीचं कापड आलं, आणि घरातली कताई मोडली. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत चरखा संघाने ती पुन्हा उभी केली खरी, पण मजुरी? गिरणीच्या कापडापुढे खादी आधीच महाग. मग भाव उतरवायचा तर सगळ्यात सोपी जागा कोणती? कातणारीचा मोबदला.

१९३५ मध्ये गांधीजींनी हाच मुद्दा धरला: आठ तासांच्या कताईला आठ आणे मिळायला हवेत. खादी महागेल, खपणार नाही, असा आक्षेप आला. तो खोटा नव्हता. संघाने निर्वाहापुरत्या मजुरीचं तत्त्व मान्य केलं, प्रत्यक्ष दर आठ आण्यांच्या बरेच खाली राहिले. वर्ध्याजवळ नालवाडीत विनोबा स्वतः कातून त्या मजुरीवर जगून बघत होते. मला हा उत्तम प्रयोग वाटतो. पण एक लक्षात घ्या, विनोबांच्या मागे चूल आणि लेकरं नव्हती. आठ तास सलग बसणं कातणाऱ्या बाईला कुठून जमणार?

म्हणून संशोधनात 'दिवसाची मजुरी' हा आकडा दिसला की थांबा. दिवस कोणाचा, किती तासांचा, ते आधी विचारा.

कातणारीची निदान गुंडी तरी मोजली जायची. विणकराच्या घरी कांड्या भरणारी बाई असते, तिचं काय? पैसे कापडाच्या मापाने, तेही विणकराच्या हातात. तिचे तास शोधायला कोणता कागद उघडायचा, हा प्रश्न सध्या माझ्या वहीत पहिल्या पानावर आहे.