कंबर, खाट आणि सोळाशे मीटर

आमच्या बोरी अरबमध्ये कुणाची कंबर भरली की डॉक्टरच्या आधी पायाळूची आठवण निघते. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, तो पायाळू. त्याने उसण भरलेल्या कमरेवर हळूच लाथ मारली की उसण उतरते, असा समज. हा समज एकट्या आमच्या गावाचा नाही, महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी सापडतो. शहरातल्या मित्रांना सांगितलं की ते हसतात, मीही हसतो. पण गेल्या पावसाळ्यात माझीच कंबर धरली, पळणं बंद पडलं आणि परत सुरुवात करण्याआधी मी कंबरदुखीच्या उपचारांचा इतिहास वाचायला घेतला. तेव्हा कळलं की लंडनच्या नामवंत सर्जनांनी दिलेला सल्लाही पायाळूच्या लाथेइतकाच आधाराविना होता. लाथ दोन मिनिटांत संपते, त्यांच्या सल्ल्याने मात्र माणूस आठवडेच्या आठवडे खाटेवर पडून राहायचा.

तो सल्ला म्हणजे ‘बेड रेस्ट’, सक्तीची विश्रांती. मलाही तोच मिळाला होता: महिनाभर झोपून राहा, पळणं विसरा.

हा विषय माझ्यापुरता असता तर लिहिला नसता. बोरी हे दारव्हा तालुक्यातलं, अडाण नदीकाठचं गाव. दारव्ह्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे अंधारात पोरं-पोरी पळताना दिसतात. ती पोलीस भरतीची तयारी असते. मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. मुलींना १६०० च्या जागी ८०० मीटर. काही सेकंदांवर गुण जातात आणि वय कुणासाठी थांबत नाही. माझं ते वय निघून गेलंय, मी आवडतं म्हणून पळतो. पण त्यांच्यातल्या एखाद्याला ‘तीन महिने आराम कर’ असं सांगितलं, तर एक अख्खी भरती त्याच्या हातून जाते. म्हणून हा सल्ला आला कुठून, हे माहीत असलेलं बरं.

आगगाडीतून आलेलं दुखणं

कंबर माणूस दोन पायांवर उभा राहिला तेव्हापासून दुखत असणार. पण ती ‘इजा’ आहे, मणक्याचं काहीतरी मोडलंय, ही कल्पना फार जुनी नाही. आपल्याकडे कंबरदुखी वाताच्या खात्यात जायची. युरोपातही ती बराच काळ संधिवाताच्या, गारठ्याच्या खात्यातच होती. माणूस शेकायचा, चोळायचा आणि जमेल तसा कामाला लागायचा.

मग आगगाडी आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये रेल्वेचे अपघात वाढले आणि नुकसानभरपाईचे दावेही. अनेक प्रवाशांना बाहेरून जखम नसायची, हाड मोडलेलं नसायचं, पण पाठ दुखायची, झोप उडायची. १८६६ मध्ये जॉन एरिक एरिकसन या लंडनच्या सर्जनने अशा रुग्णांवर व्याख्यानांचं पुस्तक काढलं. गाडीच्या हिसक्याने मज्जारज्जूला न दिसणारी इजा होते, असं त्याचं म्हणणं. या दुखण्याला ‘रेल्वे स्पाइन’ असं नावच पडलं. पुढे हर्बर्ट पेज या दुसऱ्या सर्जनने ते खोडून काढायचा प्रयत्न केला, कोर्टांत वकिलांनी दोन्ही बाजूंनी वापरलं. नाव मागे पडलं, कल्पना राहिली: पाठ दुखते म्हणजे आत काहीतरी तुटलंय.

त्याच काळात जॉन हिल्टन या सर्जनची विश्रांती आणि वेदना या विषयावरची व्याख्यानं गाजत होती. १८६३ मध्ये त्यांचं पुस्तक झालं. लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस तर विश्रांती सक्तीची, अखंड आणि दीर्घ हवी असं सांगायचा. मोडलेलं हाड आणि क्षयाने पोखरलेला सांधा यांच्यासाठी हा उपाय योग्यच होता. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. पण पाठदुखी एकदा ‘इजा’ ठरल्यावर मोडक्या हाडाचा नियम धडधाकट पाठीलाही लागू झाला. साध्या कंबरदुखीला खाटेचा उपयोग होतो का, हे तपासून पाहायला पुढची शंभरेक वर्षं जावी लागली.

आगगाडी आमच्याकडेही आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन कंपनीने मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळपर्यंत अरुंद रूळ टाकले. तीच आपली शकुंतला. वऱ्हाडाचा कापूस मोठ्या लाइनवर न्यायचा, तिथून मुंबई, तिथून मँचेस्टर. तिला ओढणारं वाफेचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरलाच बनलेलं होतं आणि ते १९९४ पर्यंत धावलं. त्या डब्यांत चढणारा कापूस वेचणाऱ्या बायका दिवसभर वाकलेल्या असायच्या, कमरेच्या ओटीत वेचलेल्या कापसाचं ओझं वाढत जायचं. त्यांच्या कमरेवर कुणी व्याख्यान दिलं नाही. मजुरी बुडवून खाटेवर पडणं त्यांना परवडणारच नव्हतं. विश्रांती हा उपचार मुळात ज्याला पडून राहिल्यावरही जेवायला मिळतं, त्याच्यासाठी होता.

गादी सरकली?

१९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन सर्जनांनी एक महत्त्वाचा लेख छापला. दोन मणक्यांमधली चकती फाटून तिचा भाग बाहेर येतो, नस दाबतो आणि पायात कळ जाते, हे त्यांनी शस्त्रक्रियेच्या आधारे दाखवलं. शोध खरा होता. पण त्यातून जी भाषा लोकांत गेली तिने नुकसान केलं. इंग्रजीत ‘स्लिप्ड डिस्क’, आपल्याकडे ‘गादी सरकली’. ऐकणाऱ्याला वाटतं की दिवाणावरची गादी सरकावी तसं आत काहीतरी जागेवरून हललंय, आता वाकलो की आणखी सरकेल. प्रत्यक्षात चकती दोन्ही मणक्यांना घट्ट धरलेली असते. ती फुगते, चिरते, कधी तिचा आतला भाग बाहेर येतो, पण सरकत नाही.

पुढे एमआरआय आलं आणि भीतीला फोटो मिळाला. भरतीची तयारी करणारा पोरगा यवतमाळला किंवा नागपूरला एमआरआय करतो, रिपोर्टवर ‘डिस्क बल्ज’ वाचतो आणि बूट उचलून ठेवतो. त्याला १९९४ चा एक अभ्यास कुणी सांगत नाही. त्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांचं एमआरआय केलं होतं. निम्म्याहून थोड्या जास्त, म्हणजे ५२ टक्के लोकांची किमान एक चकती फुगलेली निघाली. पाठ दुखत नव्हती तरीही! म्हणजे रिपोर्टवरचा बल्ज हेच दुखण्याचं कारण असेल असं नाही. केसातल्या पांढऱ्या बटेसारखी ती वयाची खूणही असू शकते.

खाटेवरून पाण्यात

खाटेवरचा विश्वास डळमळला तो आधी सगळ्यात गंभीर रुग्णांच्या बाबतीत. दुसऱ्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेले सैनिक अंथरुणाला खिळवून ठेवले जात. अंगाला पडलेल्या जखमा चिघळून आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने त्यातले बरेच मरत. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडविल इथे लुडविग गुटमन या डॉक्टरने हे बदललं. रुग्णांना ठरावीक वेळाने कुशीवर वळवायचं, बसवायचं, काम द्यायचं, खेळायला लावायचं. १९४८ मध्ये तिथे चाकाच्या खुर्चीवरच्या खेळाडूंची तिरंदाजी झाली. पॅरालिम्पिकची सुरुवात तिथली.

या साखळीचं एक टोक सांगली जिल्ह्यात आहे. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्करात होते, बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. उपचारांचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक जिंकलं, वैयक्तिक सुवर्ण मिळवणारे ते पहिले भारतीय. तुम्ही २०२४ चा ‘चंदू चॅम्पियन’ पाहिला असेल तर तो त्यांच्यावरच आहे. त्यांची इजा आणि आपली धरलेली कंबर यांची तुलना होत नाही. मुद्दा एवढाच की मज्जारज्जू जखमी झालेल्यांना डॉक्टर खेळायला लावत होते, त्याच काळात मांसपेशी आखडलेल्या कारकुनाला दुसरे डॉक्टर सहा आठवडे झोपवत होते.

साध्या कंबरदुखीची पाळी १९८६ मध्ये आली. अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे दोन गट केले. एकाला दोन दिवस झोपायला सांगितलं, दुसऱ्याला सात दिवस. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्के कमी बुडाले आणि बरं होण्यात काही फरक पडला नाही. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडचे अस्थिरोगतज्ज्ञ गॉर्डन वॉडेल यांनी आपल्याच पेशाला खडे बोल सुनावले: पाठदुखीने लोक अपंग होतात त्यात आपल्या उपचारांचा मोठा वाटा आहे. १९९५ मध्ये हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर तिहेरी प्रयोग झाला. काहींना दोन दिवस खाट, काहींना पाठीचे व्यायाम, काहींना फक्त ‘सोसेल तितकं रोजचं काम चालू ठेवा’. तिसरा गट सगळ्यात लवकर बरा झाला.

इथे पायाळूचं कोडंही सुटतं. नव्याने भरलेली कंबर बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप हलकी होते. दुखणं टिपेला असताना माणूस पायाळूकडे जातो, त्यानंतर ते उतरायचंच असतं, श्रेय लाथेला मिळतं. खाटेला शंभर वर्षं श्रेय मिळालं ते याच हिशेबाने.

तालमीचा रस्ता

आपल्या मातीत खाटेच्या उलट एक परंपरा होतीच. शेजारच्या अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या आखाड्यातून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तिथे देशी खेळ करून दाखवले. जोर, बैठका, मल्लखांब यांत पाठ ही जपून ठेवायची वस्तू नसते, ती कमवायची असते. ही दृष्टी मला आवडते. पण तालमीची दुसरी बाजूही गावात दिसते: ‘दुखतंय? अजून दोन राउंड मार, उतरेल.’ भरतीच्या पोरांना हेच जास्त ऐकवलं जातं. खाट आणि हा हुकूम, दोन्हींत एकच गोष्ट नाही: मात्रा. किती, कधी, किती दिवसांनी वाढवायचं, हे दोघंही विचारत नाहीत.

मी परतलो तो मात्रेच्या रस्त्याने. आधी चालणं. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ७०१ लोकांवरच्या अभ्यासात, पाठदुखीतून नुकतेच बरे झालेल्यांना टप्प्याटप्प्याने चालायला लावलं. त्यांचं दुखणं परत यायला मध्यमान २०८ दिवस लागले, काहीच न करणाऱ्यांना ११२. रोज अर्धा तास झपझप चालून दुसऱ्या सकाळी कंबर आदल्या दिवसाइतकीच राहायला लागली, तेव्हा मी पळायला घेतलं. एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं दहा वेळा, एक दिवसाआड. डांबरी रस्त्याऐवजी मैदान. पावलं छोटी. पळताना थोडं जाणवलं तर चालवून घेतलं, पण दुखणं वाढत गेलं किंवा दुसऱ्या सकाळीही उरलं तर पुढच्या वेळी तेवढंच किंवा कमी. उरलेल्या दिवशी बैठका, प्लँक, पाठीवर झोपून कंबर उचलणं. घड्याळ लावून १६०० मीटर सगळ्यात शेवटी, आणि भरतीवाल्यांसाठी गोळाफेकीचा पिळा त्याच्याही नंतर.

पळण्याने चकत्या झिजतात ही भीती मनात होती. २०१७ मध्ये २५ ते ३५ वयाच्या लोकांवर झालेल्या एका अभ्यासात नियमित पळणाऱ्यांच्या चकत्या न पळणाऱ्यांपेक्षा जास्त पाणीदार आणि भरीव आढळल्या. पळणारे मुळातच दणकट असतील ही शक्यता राहतेच. तरी ‘पळशील तर गादी जाईल’ याला त्यात आधार नाही.

काही खुणा मात्र मात्रेच्या पलीकडच्या आहेत. पायातली ताकद कमी होणं, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, दुखण्यासोबत ताप किंवा विनाकारण घटणारं वजन, पडल्या-आपटल्यानंतरचं दुखणं. यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

रस्त्यावरच्या पोरांना मी आता एवढंच सांगतो की कंबर भरली म्हणजे भरती गेली असं नाही. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या आया याच दिवसांत कापसात वाकलेल्या असतात. त्यांना खाट कधी मिळाली नाही, आणि मात्रा ठरवायचा अधिकारही नाही. मजुरी किलोवर असते, कंबर कितीही दुखली तरी ओटी भरावीच लागते. पोरांना निदान आज किती पळायचं हे स्वतः ठरवता येतं. घरी गेल्यावर आईला एक दिवस वेचणीतून सुटी देता आली, तर तेही त्याच हिशेबात धरावं.