अडीच टनी ट्रकचा दुसरा जन्म

एम-३५ हा अमेरिकी लष्कराचा अडीच टनी ट्रक १९५० च्या सुमारास लान्सिंगच्या रिओ कंपनीने घडवला. त्याचे तिन्ही अ‍ॅक्सल इंजिनाच्या जोरावर फिरतात. साठच्या दशकातील एम-३५ए२ मध्ये डिझेलखेरीज रॉकेलवरही चालणारे इंजिन आले. लष्कराने लिलावात काढलेले असे ट्रक हौशी लोकांनी घेतले आणि मित्रांच्या मदतीने पुन्हा उभे केले.

रंगाची घाई करण्यापेक्षा आधी ब्रेक पाहणे शहाणपणाचे. यातल्या बहुतेक गाड्यांत सगळ्या चाकांना मिळून एकच हायड्रॉलिक सर्किट असते. एक पाइप फुटला की पेडल थेट तळाला जाते. म्हणून गंजलेले पाइप, व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर बदलतात. टायरची लॉक रिंग नीट बसली नसेल तर हवा भरताना ती उडून जीव जाऊ शकतो. त्यामुळे चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरावी.

काही जण मागचा एक अ‍ॅक्सल काढून चासी व हौदा आखूड करतात आणि जोडटायरच्या जागी रुंद एकेरी टायर बसवतात. एवढे वजन चेन पुलीवर तोलताना चार जाणते हात लागतातच. गाडी आटोपशीर वळते, पण मूळ रूप कायमचे जाते. सुस्थितीतल्या ट्रकवर हा प्रयोग टाळावा.