हिरड्यांचे रोग : वाशिम जिल्हा

दातांभोवतालच्या हिरडीची सूज, तीतून होणारा रक्तस्राव आणि दात धरून ठेवणारे तंतू व हाड यांचा ऱ्हास या विकारांस ही संज्ञा लावतात. सूज हिरडीपुरती मर्यादित असल्यास तीस हिरडीशोथ म्हणतात. योग्य उपायांनी तो पूर्ण बरा होतो. हाडाचा ऱ्हास सुरू झाला म्हणजे परिदंतशोथ होतो. यालाच लोक ‘पायरिया’ म्हणतात. रोग येथे थोपविता येतो. मात्र झिजलेले हाड सहसा पूर्ववत होत नाही.

वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले विदर्भातील प्राचीन वत्सगुल्म. विदर्भाच्या नावाशी साम्य असलेला ‘दंतवैदर्भ’ हा रोग सुश्रुतसंहितेत वर्णिलेल्या पंधरा दंतमूलरोगांपैकी एक होय. केवळ नामसाम्यावरून तो याच प्रदेशातील रोग ठरत नाही. तथापि त्याचे वर्णन लक्षणीय आहे. हिरड्या घासल्या गेल्याने मोठी सूज येते व दात हलू लागतात, असे त्यात म्हटले आहे. दंतमुळे शस्त्राने शुद्ध करून क्षार लावावा व शीतल उपचार करावेत, असा उपाय सांगितला आहे. दातांवरील कीटण (दंतशर्करा) हिरडीस इजा न करता काढावे, असाही निर्देश आहे. ग्रंथकाराने कीटणाची गणना मात्र दंतरोगांत केली असून दंतमूलरोग दोषांच्या प्रकोपाने होतात, असे मानले आहे.

यूरोपात प्येअर फोशार यांनी १७२८ मधील ग्रंथात कीटण काढण्यावर भर दिला. अमेरिकेत जॉन रिग्ज (१८११–८५) यांनी दातांची मुळे खरवडून स्वच्छ करण्याची पद्धती प्रचारात आणली. कारणाचा निर्णायक पुरावा १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला. निरोगी हिरड्यांच्या १२ व्यक्तींनी दात घासणे थांबविताच दोन ते तीन आठवड्यांत सर्वांना हिरडीशोथ झाला आणि घासणे पुन्हा सुरू करताच तो ओसरला. दातांवर साचणारा जंतूंचा थर हे हिरडीशोथाचे कारण असल्याचे यावरून सिद्ध झाले. परिणामी उपचाराचा मोठा भाग वैद्याच्या हातून रुग्णाच्या हाती आला.

विदर्भात सुपारी, तंबाखू व चुना यांचा खर्रा चघळण्याची आणि भाजलेल्या तंबाखूची मिसरी हिरड्यांना चोळण्याची सवय रुजलेली आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली. तंबाखूने हिरड्या आक्रसतात, दातांची मुळे उघडी पडतात आणि मुखकर्करोगाचा धोका वाढतो. भरड राखेने जोरात घासल्यानेही हिरडीस इजा होते. मधुमेहात परिदंतशोथ बळावतो.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. विदर्भातील शासकीय दंत महाविद्यालय मात्र १९६८ पासून नागपुरात आहे. हा रोग बहुधा वेदनारहित असल्यामुळे दात हलू लागेपर्यंत अनेकजण उपचार घेत नाहीत आणि दात पडणे हा म्हातारपणाचा धर्म मानला जातो. हिरडीतून रक्त येताच काहीजण घासणेच बंद करतात. त्यामुळे जंतूंचा थर वाढून रोग बळावतो. मऊ ब्रशाने रोज दोनदा दात घासणे, दातांच्या फटी स्वच्छ ठेवणे, तंबाखू सोडणे व वेळीच कीटण काढून घेणे हे यावरील मुख्य उपाय होत.