कोर्टाची पायरी आणि रस्त्यावरचा जखमी माणूस

१/ ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’, हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. अपघातात हात किंवा पाय गमावलेल्या माणसाला ते ऐकवले जाते, तेव्हा त्याचा अर्थ एकच उरतो : झाले ते सोसा. ही पायरी मुळात किती उंच होती आणि ती कशी खाली आली, हे या थ्रेडमध्ये पाहू.

२/ आरंभ इंग्लंडपासून करावा लागतो, कारण आपला कायदा तिथून आला. १८०८ मध्ये एका घोडागाडीच्या अपघाताचा खटला लंडनमध्ये चालला. गाडी उलटून नवरा जखमी झाला आणि बायको सुमारे महिन्याभराने मरण पावली. नवऱ्याला स्वतःच्या जखमांची भरपाई मिळाली. बायकोच्या सहवासाची भरपाईही मिळाली, पण केवळ तिच्या मृत्यूच्या दिवसापर्यंतची. माणसाचा मृत्यू ही दिवाणी कोर्टात दाद मागण्याजोगी हानीच नव्हे, असे लॉर्ड एलनबरो यांनी ठरवले. थोडक्यात, माणूस जखमी झाला तर दावा होता; मेला तर काहीच नव्हते.

३/ पुढे रेल्वे आली, अपघाती मृत्यू वाढले आणि हा नियम असह्य झाला. १८४६ मध्ये लॉर्ड कॅम्पबेल यांच्या कायद्याने मृताच्या कुटुंबाला दाव्याचा हक्क दिला. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १८५३ मध्ये धावली आणि त्याच धर्तीचा प्राणांतिक अपघात कायदा १८५५ मध्ये झाला.

४/ हक्क मिळाला, तरी पायरी उंचच राहिली. दावा दिवाणी न्यायालयात लावायचा, मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरायची आणि समोरच्याचा निष्काळजीपणा स्वतः सिद्ध करायचा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने साक्षीदार कुठून शोधावेत? आणि दावा जिंकला, तरी चालकाकडे पैसेच नसतील तर तो हुकूमनामा कागदावरच राही.

५/ या शेवटच्या अडचणीवरचा उपाय १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात होता : तिऱ्हाईतासाठी सक्तीचा विमा. मात्र हे प्रकरण प्रत्यक्ष लागू झाले १ जुलै १९४६ रोजी. तेव्हापासून जखमी माणसासमोर पैसे देऊ शकणारा कुणीतरी उभा राहिला.

६/ दुसरी अडचण विलंबाची. १९५६ च्या दुरुस्तीने राज्यांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे स्थापन करण्याचा अधिकार दिला. जिथे न्यायाधिकरण आहे, तिथे दिवाणी दाव्याऐवजी अर्ज पुरेसा झाला. जखमी व्यक्ती तो स्वतः करू शकत होती.

७/ निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे मात्र तसेच राहिले. मुंबई उच्च न्यायालयाने एका जखमी मोटारचालकाच्या प्रकरणात त्याची गरज नाही, असे म्हटले होते. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मत नाकारले. दोष सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही, हाच कायदा असल्याचे त्याने सांगितले.

८/ कोर्ट फीचा प्रश्न १९७९ मध्ये पुढे आला. हरियाणात सरकारी बसखाली घरातला कर्ता माणूस गेला होता. त्याच्या विधवेला आणि मुलीला फी माफ होऊ नये, म्हणून राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले! न्या. कृष्ण अय्यर यांनी सरकारची कानउघाडणी केली आणि गरीब दावेदाराला फीमाफीची सवलत कायम ठेवली.

९/ अखेर १९८२ मध्ये संसदेने दुरुस्ती केली. मृत्यूसाठी १५,००० आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये, कुणाचाही दोष सिद्ध न करता. धडक देऊन पळून जाणाऱ्या वाहनांच्या बळींसाठीही निधी उभारला गेला. रकमा तुटपुंज्या होत्या, पण प्रश्न बदलला होता. ‘चूक कुणाची?’ याच्या आधी ‘सोसतो कोण?’ हे विचारले गेले.

१०/ आधी अर्ज अपघात जिथे झाला, त्या भागातील न्यायाधिकरणातच करावा लागे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर तो स्वतःच्या गावच्या हद्दीतही करता येऊ लागला. नाशिकच्या माणसाला नागपूरजवळ अपघात झाला, तर तारखेसाठी नागपूर गाठणे टळले. अर्जाची मुदतही त्याच वर्षी काढून टाकली गेली.

११/ जखमेची किंमत मोजण्याची दृष्टीही बदलली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईचे नुकसान एकच नव्हे. हात गमावलेला कारकून कदाचित नोकरीत राहील. सुताराचे मात्र सारे उत्पन्नच जाते. म्हणून माणूस काय काम करतो, हे विचारलेच पाहिजे.

१२/ हा इतिहास सरळ चढत जाणारा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अर्जासाठी ६ महिन्यांची मुदत पुन्हा आणली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. पण सहा महिने म्हणजे किती? एवढ्या काळात अनेकांचे पायाचे प्लास्टरही निघालेले नसते.

१३/ मित्रहो, यातली एकही सोय आपोआप मिळाली नाही. कुणीतरी जखमी अवस्थेत अर्ज केला, कुणी विधवा हरल्यावरही लढली, म्हणून पुढच्यासाठी पायरी खाली आली. घरात असा प्रसंग ओढवलाच, तर ती म्हण बाजूला ठेवा. पोलिसांतली नोंद आणि दवाखान्याचे कागद जपा. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. आणि सहा महिन्यांची ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.