टोन मॅपिंग

टोन मॅपिंग ही दृश्यातील तेजस्वितेची विस्तृत व्याप्ती संगणकाच्या पडद्याच्या किंवा छापील कागदाच्या मर्यादित व्याप्तीत बसवण्याची प्रतिमासंस्करण पद्धत आहे.

गरज

उन्हातील आकाश आणि त्याच दृश्यातील दाट सावली यांच्या तेजस्वितेत हजारो पटींचा फरक असू शकतो. सर्वसाधारण पडदा मात्र लाल, हिरव्या व निळ्या रंगाच्या प्रत्येकी २५६ पातळ्याच दाखवतो. मर्यादेबाहेरची मूल्ये छाटल्यास आकाश कोरे पांढरे दिसते. सर्व मूल्ये समप्रमाणात घटवल्यास सावलीतील तपशील काळोखात बुडतात.

प्रकार

सार्वत्रिक पद्धतीत सर्व पिक्सेलांना एकच सूत्र लावतात. एरिक राइनहार्ड व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेल्या पद्धतीच्या मूळ सूत्रात तेजस्वितेला ‘तेजस्विता अधिक १’ ने भागतात. त्यामुळे १ चे ०.५, ९ चे ०.९ आणि ९९ चे ०.९९ होते; मूल्य कितीही मोठे असले तरी उत्तर १ च्या आतच राहते.

स्थानिक पद्धतीत प्रत्येक पिक्सेलाच्या परिसराचाही विचार होतो. तपशील अधिक उठून दिसतात. परंतु सदोष वापराने वस्तूंच्या कडांभोवती कृत्रिम प्रभावळ उमटते.

पूर्वपीठिका

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स व फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास छायाचित्रणासाठी विकसित केलेली ‘झोन सिस्टिम’ याच प्रश्नाशी संबंधित होती. संगणकीय चित्रणात जॅक टम्बलिन व हॉली रशमायर यांचा १९९३ चा लेख महत्त्वाचा मानला जातो.

मर्यादा

स्थानिक पद्धतीने संस्कारित प्रतिमेवरून दृश्यातील दोन ठिकाणांच्या तेजस्वितेची थेट तुलना करता येत नाही. त्यामुळे मोजमापासाठी मूळ प्रतिमा जतन करणे आवश्यक असते.