जुनापाणीची वर्तुळे आणि मुडुमलचे उभे दगड

हैदराबादेत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींपैकी बरीच कुटुंबे विदर्भातली आहेत. मीही नागपूरचा, स्थापत्य अभियंता म्हणून नोकरीसाठी इकडे आलो आणि इथलाच झालो. पण नागपूर आणि तेलंगण यांचे नाते आपल्या नोकऱ्यांच्या आणि रेल्वेच्याही फार आधीचे आहे. त्याचे साक्षीदार आहेत दगड!

नागपूरहून काटोल रस्त्याने निघाले की शहराबाहेर जुनापाणी लागते. या परिसरात दगडांची सुमारे 300 वर्तुळे आहेत. मृताच्या अस्थींसोबत मडकी व लोखंडी हत्यारे पुरायची, वर दगडगोट्यांची रास घालायची आणि भोवती मोठ्या शिळांचे कडे करायचे, अशी ही पद्धत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने इथली काही वर्तुळे खणली. पुढे नागपूर विद्यापीठाच्या डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा आणि माहुरझरी येथे शास्त्रशुद्ध उत्खनने केली. माहुरझरीला पुरलेल्या घोड्यांच्या तोंडावर तांब्याचा साज मिळाला, तर नायकुंडला चक्क लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. म्हणजे ही माणसे रानटी नव्हती; चांगली कारागीर होती.

आता आपल्या बाजूला येऊ. नारायणपेट जिल्ह्यात, कृष्णेच्या काठी मुडुमल गाव आहे. तिथे 10 ते 14 फूट उंचीच्या सुमारे 80 शिळा उभ्या आहेत आणि त्यांच्या आसपास लहान दगडांच्या लांबच लांब रांगा. हे सारे सुमारे 3500 वर्षांपूर्वीचे मानले जाते. वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवशी सूर्य काही रांगांच्या रेषेत उगवतो वा मावळतो, असे अभ्यासक सांगतात. एका दगडावरच्या वाटीसारख्या खळग्यांत त्यांना सप्तर्षी दिसले. जुनापाणीच्या शिळांवरही असे खळगे कोरलेले आहेत. दोन्हीकडचे लोक एकच होते असे यावरून म्हणता येत नाही, कारण दफनाच्या रीती जागोजागी वेगळ्या होत्या. पण विदर्भापासून थेट तामिळनाडूपर्यंत मृतांसाठी मोठे दगड रचणारी, लोखंड वापरणारी, काळी-तांबडी मडकी घडविणारी माणसे होती, एवढे नक्की.

माझ्यातल्या अभियंत्याने सहज हिशेब मांडला. 12 फूट उंच, अडीच फूट रुंद आणि तेवढाच जाड ग्रॅनाइट घेतला तर वजन साडेपाच टनांच्या वर जाते. क्रेन नाही, पोलादी दोर नाही. खड्डा खणणारे, ओढणारे, तरफ लावणारे आणि या सर्वांचे जेवण रांधणारे असे कितीतरी हात लागले असणार. मांडव उभारताना दहा कार्यकर्ते जमवायला आपली किती धावपळ होते, ते आठवून पाहा! हाक मारल्यावर लोक येतील असा भरवसा असल्याशिवाय असे काम हाती घेताच येत नाही. मला या दगडांत सर्वांत मोठी गोष्ट दिसते ती हीच.

मुडुमलच्या एका शिळेची गावकरी यल्लम्मा म्हणून पूजा करतात. पुरातत्त्व खाते पोहोचण्याआधी कित्येक पिढ्या ही श्रद्धाच शिळांची राखण करीत आली. मात्र जिथे अशी राखण नव्हती तिथे शेत साफ करताना दगड हटले. विदर्भातही शेती, रस्ते आणि वाढत्या वस्तीने अनेक वर्तुळे पुसली गेली. मुडुमलचे नाव 2025 साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आले, ही आनंदाची बातमी. पण यादीत नाव आले म्हणजे दगड वाचला, असे होत नाही. लोकांना त्याची किंमत कळली तरच तो वाचतो.

आपण दोन्ही गावचे. तेव्हा पुढच्या वेळी नागपूरला गेलात की मुलांना जुनापाणी दाखवा आणि एखाद्या रविवारी मुडुमलला न्या. दगडांवर नावे कोरू नका, शेंदूर लावू नका, आठवण म्हणून खडाही उचलू नका. ज्यांची भाषा आज कुणालाच ठाऊक नाही, त्यांनी आपल्या माणसांची आठवण इतकी वर्षे टिकेल अशी ठेवली. ती आपल्या पिढीत पुसली जाऊ नये.